अबीलियोची टोपी आणि माझी मिशी

पैज लागली ती खाऱ्या माशाच्या शेवटच्या वड्यावरून. शनिवारची संध्याकाळ होती आणि बेल्मिरोच्या खानावळीत आम्ही नेहमीचे लोक नेहमीच्या खुर्च्यांवर होतो. ताटलीत एकच वडा उरला होता, म्हणून सगळे एकमेकांना आग्रह करत होते. तेवढ्यात माझी बायको ओदेत म्हणाली, "उद्या कुठेतरी जाऊ या की. सिंत्रा, नाहीतर समुद्रावर. लिस्बनमध्ये राहून माणसं मरून जातात, पण शेजारचा डोंगर बघत नाहीत."

अबीलियोने तो वडा उचलला आणि तोंडात टाकला. "काय बघायचंय तिथे? शहराबाहेर दोनच गोष्टी असतात. दगड आणि पाणी."

अबीलियो म्हणजे आमच्या गल्लीचा न्हावी. माणूस तसा सरळ, हात हलका. पण डोक्यावर एक करडी लोकरी टोपी असायची आणि ती कधीही उतरायची नाही. ऑगस्टच्या उन्हात आमच्या गल्लीच्या चढावरचे दगड भाजत असले तरी हा आपला टोपी घालून दुसऱ्यांचे केस कापतोय. टोपीखाली काय आहे यावर गल्लीत तीन पक्ष होते. बेल्मिरो म्हणायचा टक्कल. टकल्या न्हाव्याकडे कोण जाणार? झुल्मिराबाई म्हणायच्या जखमेचा व्रण, आणि तो कशाचा हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मी म्हणायचो, बक्षिशी तिथे ठेवतो.

"दगड आणि पाणी?" मी म्हटलं. "अबीलियो, उद्या मी तुला अशी जागा दाखवतो की तू आपल्या हाताने टोपी काढशील."

"नाही काढली तर?"

इथे माझी जीभ घसरली. माझं कुलूप-चाव्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना भरवसा द्यायचा धंदा, त्यामुळे तोंडातून भरवसा आपोआप निघतो. "नाही काढलीस तर ही मिशी उतरवीन. संत आंतोनियोच्या सणाला, चौकात, सगळ्यांसमोर. आणि तूच उतरव."

खानावळीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी मिशी ही साधीसुधी गोष्ट नव्हे. ती दाट, काळीभोर (यावर ओदेतला काही बोलायचं असतं, पण ती बोलत नाही) आणि दोन्ही टोकांना वळलेली. गिऱ्हाईक किंमत ऐकून मागे सरलं की मी उजव्या टोकाला पीळ देतो आणि कुलूप विकलं जातं. अबीलियो तिच्याकडे वर्षानुवर्षं असा बघत आलाय, जसा खाटीक दुसऱ्याच्या बोकडाकडे बघतो.

"आणि मी काढली तर?" त्याने विचारलं.

"तर त्याच चौकात तुझ्याच खुर्चीत बसायचं आणि तुझे केस मी कापायचे. असले तर."

सगळे हसले. अबीलियो हसला नाही. पण न्हाव्याला मिशीचा मोह आवरेना. त्याने हात पुढे केला.

मग नियम ठरले. हे काम आमच्या गल्लीने इतक्या गांभीर्याने केलं की संसदेने शिकून घ्यावं. वाऱ्याने उडाली तर हिशोबात धरायची नाही. दुसऱ्याने ओढली तर धरायची नाही. अंत्ययात्रा दिसली आणि काढली तर धरायची नाही, कारण ती माणुसकी. चर्चमध्ये काढली तर धरायची नाही, कारण तो धर्म.

"त्याची काळजी नको," झुल्मिराबाई म्हणाल्या. "इल्दा गेल्यापासून हा चर्चच्या आत येतो कुठे? रविवारी दाराबाहेर उभा राहून प्रार्थना करतो, दूधवाल्यासारखा."

इल्दा म्हणजे त्याची बायको. बिचारी गेली त्याला बरीच वर्षं झाली. अबीलियोने टोपी जरा खाली ओढली.

पंच म्हणून झुल्मिराबाईंनाच नेमलं. दुसरं कोण असणार? तळमजल्याच्या खिडकीत कोपराखाली उशी घेऊन ही बाई सकाळपासून बसते. गल्लीत कोण कधी आलं, कोणासोबत आलं आणि कोणत्या तोंडाने आलं, ते तिला विचारावं. त्यांची एकच अट होती: गाडीत पुढची सीट.

रात्रीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. सिंत्राला स्वेटर न्या. सिंत्राला पहाटे पोचा. रविवारी जाऊच नका. रविवारीच जा, बाकी दिवस बंद असतं. तिथे काही खाऊ नका, लुटतात. तिथे खाल्लं नाहीत तर गेलात कशाला? वरच्या मजल्यावरचा एक निवृत्त टपालवाला तर जिन्यात उभा राहून मला एक वळण समजावत होता. ते वळण चुकलं तर माणूस थेट स्पेनला पोचतो म्हणे.

सकाळी निघालो. मी गाडी चालवतोय, शेजारी झुल्मिराबाई, मांडीवर जपमाळ आणि घडीची खुर्ची. मागे ओदेत आणि अबीलियो, आणि त्यांच्यामध्ये जेवण. जेवण म्हणजे दोन कोंबड्या, माशाच्या वड्यांचा डबा, बटाटे, पाव, एक कलिंगड आणि वाईनचा बुधला. आमच्या लोकांना दोन तासांच्या प्रवासाला इतकं लागतं. याहून लांब जायचं असेल तर आम्ही जहाज बांधतो.

लिस्बनला आकाश निळंशार होतं. सिंत्रा जवळ आलं तसं धुकं दिसायला लागलं. बाकी सगळा मुलूख उन्हात आणि त्या एकाच डोंगरावर धुकं, जसं कोणी तेवढ्यावरच मच्छरदाणी टाकली आहे.

"सुंदर," अबीलियो म्हणाला. "पाणी. पण हवेत."

आता डोंगरावरच्या राजवाड्याला ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. ते आमच्याकडे होतं. पण गावात केजादाचं दुकान लागलं. केजादा म्हणजे चीजचा इवलासा गोड पेढाच, फक्त पिठाच्या करंडीत बसवलेला. आणि झुल्मिराबाईंनी जाहीर केलं की पंचाला अनशापोटी न्याय देता येत नाही. रांग लांब होती. पुढच्या बाईला प्रत्येक केजादा नीट बघून घ्यायची होती. आम्ही वर पोचलो तेव्हा आमची वेळ टळून गेली होती.

"तुमची वेळ गेली," दारावरचा माणूस म्हणाला.

"गेली म्हणजे काय? मी तर इथेच आहे."

"तुम्ही आहात. वेळ गेली. खिडकीवर विचारा."

खिडकीवरची मुलगी म्हणाली, दारावर विचारा. मी मिशीला पीळ दिला. दोघांवरही परिणाम झाला नाही. शेवटी झुल्मिराबाईंनी दारातच खुर्ची उघडली, बसल्या आणि मोठ्याने जप सुरू केला. चौथ्या मण्याला त्या माणसाने दार उघडलं.

आत धुकं इतकं, की मी ओदेतशी बोलत होतो आणि तो खांब निघाला.

"कुठाय राजवाडा?" अबीलियोने विचारलं.

"समोर."

त्याने हात पुढे करून चाचपलं. "हं. दगड."

आणि तेवढ्यात वारा आला. धुकं पडद्यासारखं मधोमध फाटलं आणि आमच्या डोक्यावर, जिथे नुसतं आकाश असायला हवं होतं तिथे, एक पिवळाधमक घुमट निघाला. त्याच्यामागे लाल मनोरा. त्याच्याखाली डोंगर नाही, जमीन नाही, काहीच नाही, नुसता ढग. एखाद्या लहान पोराने रंगपेटी उघडून स्वप्न रंगवावं आणि ते वर अडकून राहावं, तसं. मी इथे लहानपणी शाळेच्या सहलीला आलो होतो, पण तेव्हा मी पुढच्या पोराच्या शर्टात मुंगळा सोडण्यात गुंतलो होतो. आज पहिल्यांदा बघितलं. माझं तोंड उघडं राहिलं आणि मिशी ओली झाली.

मग एकदम आठवलं, आपण टोपी बघायला आलोय.

वळलो. अबीलियोचा हात वर जात होता. टोपीच्या कडेला पोचला. हात टोपीच्या कडेवर थांबला, मग त्याने खालून बोट घालून कान खाजवला.

"ओला दगड," तो म्हणाला. पण जरा उशिराने म्हणाला, एवढं मी नोंदवून ठेवलं.

तिथून आम्ही समुद्रावरच्या रोकाच्या टोकावर गेलो. तिथे जमीन संपते आणि वारा सुरू होतो. वाऱ्याने उडालेली टोपी धरायची नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण माझा हिशोब वेगळा होता: टोपी सारखी उडायला लागली की माणूस कंटाळून आपल्या हाताने काढतो आणि खिशात ठेवतो. अबीलियो गाडीतून उतरला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि झुल्मिराबाईंना म्हणाला, "तुमचा रुमाल द्या." त्यांनी डोक्याचा काळा रुमाल दिला. त्याने तो टोपीवरून हनुवटीखाली घट्ट बांधला.

आता तो थेट मासे विकणाऱ्या विधवेसारखा दिसायला लागला. परदेशी पाहुण्यांची एक बस आली होती. त्यांनी समुद्राकडे पाठ केली आणि अबीलियोचे फोटो काढायला सुरुवात केली. एका बाईने त्याच्या हातात नाणं ठेवलं. त्याने ते घेतलं आणि शांतपणे मला दाखवलं. "बघ. तुझ्या दुकानापेक्षा बरं चाललंय."

जेवायला पाइनच्या झाडांखाली बसलो. इथे माझा हुकमाचा पत्ता होता. ओदेतला सांगून मी अर्ध्या वड्यांत ती आमची जहाल मिरची ठासून भरून घेतली होती. डोक्याला घाम सुटला की टोपी काढल्याशिवाय राहवत नाही, हे शास्त्र आहे. तिखट वड्यांवर ओळखीला कोथिंबीर लावायची, असं ठरलं होतं. मी अबीलियोच्या ताटात कोथिंबिरीचे वडे वाढले आणि स्वतः बिनकोथिंबिरीचा घेतला.

बायको ऐकते, पण आपल्याला हवं तेवढंच ऐकते. ओदेतला वाटलं, कोथिंबीर ही साध्या, खाण्याजोग्या वड्यांची खूण. म्हणून तिने तिखट वडे तसेच ठेवले आणि साध्यांना सजवलं. माझ्या कानांतून वाफ निघाली. नाक, डोळे, मिशी, सगळं एकदम वाहायला लागलं. मी कलिंगडात तोंड घातलं.

"हा रडतोय का?" झुल्मिराबाईंनी विचारलं.

"निसर्ग बघून," अबीलियो म्हणाला. "हळवा आहे तो."

जेवण झाल्यावर आमच्याकडे जे होतं तेच झालं, म्हणजे सगळे आडवे झाले. उठलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि मला माझी मिशी वस्तऱ्याखाली स्पष्ट दिसत होती. एकच गाव उरलं होतं: अझेन्याश दु मार.

ते गाव कड्यावरून खाली सांडलंय. पांढरी घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय ठेवून पाण्यापर्यंत उतरतात आणि सगळ्यात खालचं घर कसं पडत नाही हे ते गावच जाणे. समोरच्या उंचवट्यावर गाड्या लावायला जागा आहे. तिथे रविवारी आमची माणसं येतात, गाडीचं तोंड समुद्राकडे करतात, काचा वर करतात आणि आतच बसतात. नवऱ्याच्या हातात पेपर, बायकोच्या हातात विणकाम. काही जण गाडीतून उतरतच नाहीत. समुद्र बघायला आलोय, वारा खायला नाही.

मी रांगेत गाडी लावली. ओदेत म्हणाली तिला खालच्या पायऱ्यांवरून गाव बघायचंय, आणि गेली. झुल्मिराबाईंची मान केव्हाच छातीवर पडली होती. दिवसभराच्या न्यायदानाने त्या दमल्या होत्या.

समोर सूर्य पाण्याला टेकत होता. जूनमध्ये तो आमच्याकडे जेवणाची वेळ टळेपर्यंत रेंगाळतो, निघता निघता दारात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा. पांढरी घरं आधी पिवळी झाली, मग जर्दाळूच्या रंगाची. लाट कड्यावर आदळायची आणि गाडीच्या काचेपर्यंत तिचा धक्का पोचायचा. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने पेपर खाली ठेवला. त्याच्या बायकोच्या सुया थांबल्या. त्या अख्ख्या रांगेत कोणी हलेना.

मग आरशात काहीतरी हललं.

मागच्या सीटवर अबीलियोने दोन्ही हातांनी टोपी काढली होती आणि ती मांडीवर धरली होती.

टक्कल नव्हतं. व्रणही नव्हता. पैसे तर नव्हतेच. भरघोस केस होते, पांढरे, आणि ते असे कापलेले होते की आमच्या चढाच्या पायऱ्या आठवाव्यात. एका कानावर झुबका, दुसऱ्या कानावर ओसाड माळ. मागे एक भोक, जिथे बहुतेक कुत्रं चरून गेलं होतं.

त्याने वर पाहिलं. आरशात आमची नजरानजर झाली.

"इल्दा कापायची," तो हळू म्हणाला. "नंतर मीच कापतो. दोन आरसे लावून. मागचं जमत नाही."

"दुसऱ्या न्हाव्याकडे जायचं."

"मी?" त्याचा आवाज चढला. "दुसऱ्या न्हाव्याकडे?"

खरंच, काय बोललो मी.

"दर रविवारी म्हणायची," तो समुद्राकडे बघत म्हणाला, "लोक गाडीत बसून समुद्र बघतात, आपण एकदा जाऊ. मी म्हणायचो, काय आहे तिथे, दगड आणि पाणी."

"तुझ्याकडे गाडी नव्हती."

"तुझ्याकडे होती. मागितली असती तर दिली नसतीस?"

"दिली असती की."

"म्हणूनच नाही मागितली. मग जावं लागलं असतं."

सूर्य बुडाला. झुल्मिराबाई घोरता घोरता दचकल्या. अबीलियोची टोपी क्षणात डोक्यावर.

"काढली का?" त्यांनी विचारलं.

आता बघा. मी गल्लीतल्या प्रत्येकाची एकदा तरी फजिती केलेली आहे. बेल्मिरोच्या दाराला मी स्वतःच विकलेलं कुलूप बाहेरून लावलंय. आणि आज माझ्या तोंडात आमच्या गल्लीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बातमी होती. जिभेवर गुदगुल्या होत होत्या. पण वर त्या आरशात दोन डोळे माझ्याकडे बघत होते. असल्या केसांचा न्हावी आहे हे कळलं तर उद्यापासून त्याच्या खुर्चीत कोण बसणार?

"नाही काढली," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

पायऱ्या चढून परत आलेली ओदेत घरी येईपर्यंत माझ्याशी एकच वाक्य बोलली. "मी लग्न त्या मिशीशी केलं होतं. तू सोबत आला होतास."

संत आंतोनियोच्या संध्याकाळी आमच्या चौकात भाजल्या जाणाऱ्या सार्डिन माशांचा धूर इतका होता की सिंत्रा बरं. वर रंगीत कागदांच्या माळा, खिडक्यांत तुळशीसारख्या झुडपांच्या कुंड्या, अकॉर्डियनवाला एक. मधोमध अबीलियोची खुर्ची. मी बसलो. गळ्याशी पांढरं फडकं आलं आणि सगळी गल्ली पुढे सरकली. झुल्मिराबाईंनी पंच म्हणून निकाल वाचला: त्यांनी पूर्ण दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि टोपी जागची हलली नाही.

अबीलियोने फेस लावला. वस्तरा चामड्यावर घासला. ज्या क्षणाची तो इतकी वर्षं वाट बघत होता, तो क्षण आला होता, पण चेहऱ्यावर सण दिसत नव्हता. पहिला हात मारला. उजवी बाजू गेली, पीळ द्यायची तीच. ओठाला वारा लागला. अशीच मिशी असलेल्या आजोबांच्या फोटोसमोर आता कसा उभा राहणार, असा विचार माझ्या मनात आला.

डाव्या बाजूला वस्तरा टेकला आणि थांबला.

"आटप," मी फेसातून म्हटलं.

"ओठ हलवू नकोस."

"मग आटप ना."

"काढली होती," तो म्हणाला.

"काय?" बेल्मिरो म्हणाला. अकॉर्डियन थांबलं.

अबीलियोने वस्तरा ठेवला आणि सगळ्या चौकासमोर टोपी काढली. "समुद्रासमोर काढली होती. याने बघितलं. हा खोटं बोलला. मी हरलो."

सार्डिन करपायला लागले. पहिल्यांदा बोलल्या त्या झुल्मिराबाई, आणि त्यांचा आवाज दुखावलेला होता. "म्हणजे मी झोपले होते?"

मग बेल्मिरो पुढे आला आणि त्या डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. "अबीलियो, हे कोणी केलं?"

"मी."

"आणि माझेही केस तूच कापतोस?"

चौकातल्या प्रत्येक पुरुषाचा हात आपापल्या डोक्याकडे गेला. दोन-चार बायकांनी नवऱ्यांची मानगूट वळवून तपासून घेतली. सगळं जागच्या जागी होतं.

"दुसऱ्यांचं जमतं," अबीलियो म्हणाला. "माझं मागचं दिसत नाही."

"मग आम्हाला सांगायचं की रे," ओदेत म्हणाली. "एवढी माणसं आहेत, आरसा धरायला कोणी नव्हतं?"

मी उठलो. म्हटलं, आधी ही उरलेली अर्धी संपव, मग तुझं बघू. पण झुल्मिराबाईंना आता आपली इज्जत परत मिळवायची होती. त्यांनी हात वर केला. "पंचाचा निर्णय: जिंकलेल्या माणसाची मिशी कापता येत नाही."

तेव्हा मी अर्धी मिशी घेऊन, न्हाव्याचं ॲप्रन घालून, कात्री हातात धरून उभा राहिलो आणि हरलेला अबीलियो आपल्याच खुर्चीत बसला. ओदेतने मागे आरसा धरला, बेल्मिरोने पुढे. मी आयुष्यात चाव्या कापल्या आहेत, केस नाहीत. पहिली बट पडली तशी गल्लीने श्वास रोखला.

"कानामागे थोडे ठेव," तो पुढच्या आरशात बघत म्हणाला. "ती ठेवायची."

"ओठ हलवू नकोस," मी म्हटलं.

झालं. डोकं साधारण एका पातळीवर आलं. माझ्या मते तर चांगलंच आलं, पण मला विचारलं कोणी? त्याने आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मागचं भोक गेलेलं पाहिलं. मग टोपी खिशात घातली आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला विचारलं, "एर्मिनियो, रविवारी तुझी गाडी मोकळी आहे का रे?"

"आहे. पण तुझ्याकडे लायसन्स कुठाय?"

"नाहीये. तू चालव. मी मागे बसेन," तो म्हणाला. "आणि आरशात बघायचं नाही."